मुरगळलेला पाय, गरगरणारं डोकं आणि हरवलेला तोल: सुरुवात कुठून करायची

भिंतीजवळ उभे राहा, हात लांबवला तर भिंतीला लागेल इतक्या अंतरावर. चप्पल काढा. एक पाय उचला आणि दोन-चार सेकंदांनी नजर खाली, टेकलेल्या पावलाकडे न्या. घोट्यासमोरची दोरीसारखी शीर ताणते, सैल पडते, पुन्हा ताणते. बोटं जमीन धरतात आणि सोडतात. टाच जराशी आत कलली की पाऊल लगेच बाहेरच्या कडेवर भार टाकतं. बघणाऱ्याला तुम्ही स्थिर दिसता, पण खाली पावलाला क्षणाची उसंत नसते. तोल सांभाळणं म्हणतात ते हेच काम: सतत थोडं कलायचं आणि पडायच्या आत सावरायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. एक घोटा किंवा गुडघा दुखावलेल्यांची: "दुखणं गेलं, सूज उतरली, पण पायाचा भरवसा वाटत नाही. सपाट रस्त्यावरसुद्धा मुरगळतो." दुसरी चक्करच्या आजारातून उठलेल्यांची: "आता गरगरत नाही, पण मान वळवली की झोक जातो." दोघांनीही मनापासून विश्रांती घेतलेली असते, अंग जपलेलं असतं. नेमका त्यातच बराच वेळ वाया गेलेला असतो. दुखणं थांबलं म्हणजे तोल परत आला असं होत नाही. दुखणं बहुतेक वेळा आपलं आपण थांबतं, तोल मात्र शिकवावा लागतो, आणि तो शिकायला थोडं डगमगावंच लागतं.

तोल कळतो कसा

आपण कुठे कललो आहोत हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. डोळे आजूबाजूचं उभं-आडवं दाखवतात. दोन्ही बाजूंच्या आतल्या कानात तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं कोणत्या दिशेला वळतंय ते सांगतात. नलिकांना लागून असलेल्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि पुढे-मागे, वर-खाली होणारी हालचाल त्यांच्यामुळे समजते. तिसरी माहिती तळव्याची त्वचा, स्नायू, अस्थिबंध आणि सांधे पाठवतात. डोळे मिटलेले असतानाही आपला पाय कुठे वळलाय हे कळतं ते या तिसऱ्या माहितीमुळे.

पाय मुरगळला की तिसरी माहिती बिघडते, कानाचा आजार झाला की दुसरी. मग मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो आणि उजेडात, सपाट फरशीवर सगळं ठीक चालतं. अंधार झाला, गर्दी हलायला लागली की मात्र तोल जातो. एकोणिसाव्या शतकात मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरने पाय जुळवून डोळे मिटायला सांगण्याची जी चाचणी रूढ केली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. तुमच्या तक्रारीची पहिली खूणही कदाचित तिथेच मिळेल: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की हात आपोआप भिंतीकडे जातो का?

सांध्याच्या बाबतीत हा विचार १९६५ साली ब्रिटिश शल्यविशारद मायकल फ्रीमन यांनी मांडला. अस्थिबंध फाटताना त्यातले मज्जातंतूही दुखावतात, म्हणून घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी रुग्णांना हलत्या फळीवर उभं करून सराव दिला. आज आपण स्नायूंची ताकद आणि मेंदूचं नियंत्रण यांनाही तितकंच महत्त्व देतो, पण उपाय अजून तोच आहे.

पायरी १: आधी डॉक्टर, मग व्यायाम

ही पायरी कोणीही गाळू नये. चक्कर अचानक सुरू झाली आणि तिच्यासोबत एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा वाकडा होणं, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, यातलं काहीही असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल तरीही. हा मेंदूचा झटका असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

घोट्यासाठी १९९२ पासून वापरात असलेले ओटावा नियम सोपे आहेत. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मध्यावर असलेलं टोक दुखत असेल, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखत असेल, तरीही एक्स-रे हवा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर खाली दिलेलं काहीही सुरू करण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्यांची परवानगी घ्या.

पायरी २: चक्कर कोणत्या जातीची आहे

'चक्कर' या एका शब्दात आपण फार गोष्टी कोंबतो. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं हा बहुधा रक्तदाबाचा प्रश्न. खोली गरगर फिरणं वेगळं, आणि बोटीत बसल्यासारखं डुलणं त्याहून वेगळं. डॉक्टरांना सांगताना 'चक्कर' हा शब्द न वापरता नेमकं काय होतं, किती वेळ टिकतं आणि काय केल्यावर होतं, एवढंच सांगून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

अंथरुणात कूस बदलली, वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की खोली फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर ते बहुतेक खडे सरकल्याचं लक्षण. याला बीपीपीव्ही म्हणतात. वर सांगितलेल्या पिशवीतले कण सुटून नलिकेत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत. यावर तोलाचे व्यायाम करत बसू नका. कण जागेवर नेणं हा यावरचा उपाय आहे. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डोकं आजारी कानाकडे ४५ अंश वळवून रुग्णाला झपकन मागे निजवतात, मान किंचित खाली लोंबते. गरगरणं थांबेपर्यंत थांबायचं, मग डोकं दुसऱ्या बाजूला ९० अंश, मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. पण कोणता कान, कोणती नलिका हे डोळ्यांच्या झटक्यांवरून ओळखावं लागतं, आणि मानेचा त्रास असेल तर पद्धत बदलावी लागते. म्हणून पहिली वेळ जाणकाराच्या हातूनच.

तासन् तास किंवा दिवसभर गरगरून आणि उलट्या होऊन सुरू झालेला, मग हळूहळू ओसरलेला आजार असेल तर बहुधा कानाच्या मज्जातंतूला सूज आलेली असते. सुरुवातीचे काही दिवस चक्कर दाबणाऱ्या गोळ्या लागतात. पण त्या आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या तर मेंदूला चूक कळतच नाही आणि तो सुधारणाही करत नाही. स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत मात्र 'ही गोळी अजून किती दिवस?' हा प्रश्न आवर्जून विचारा. मेनिएरचा आजार (आतल्या कानाचाच एक आजार) किंवा मायग्रेनची चक्कर यांतले झटके व्यायामाने थांबत नाहीत, त्यांना वेगळे उपचार लागतात.

पायरी ३: आजचा तोल मोजा

खोलीचा कोपरा निवडा. पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्चीची पाठ. मागे-बाजूला भिंती, पुढे खुर्ची, म्हणजे कुठेही झोक गेला तरी आधार हाताशी. या लेखातला उभ्याने करायचा सगळा सराव याच जागी करायचा, आणि सुरुवातीला घरातलं कोणीतरी जवळ हवं.

आता चार स्थिती, प्रत्येकी १० सेकंद, डोळे उघडे, हात न धरता. दोन्ही पाय जुळवून. मग एक पाऊल थोडं पुढे, त्याच्या मधल्या भागाला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकलेला. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत. शेवटी एका पायावर. जिथे १० सेकंद टिकत नाही तिथून तुमचा सराव सुरू. वय ६५ च्या पुढे असेल आणि तिसरी स्थिती १० सेकंद जमत नसेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. अशांनी एकट्याने प्रयोग करू नयेत.

आकडे तारखेसह वहीत लिहा. डावा-उजवा वेगळा लिहा. आजारी पायाची तुलना शेजाऱ्याशी नको, स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी करा.

पायरी ४: सांधा दुखावला असेल तर

पहिल्या काही दिवसांत, उभं राहणं जड जात असतानाही, बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढता येतात. मग खुर्चीच्या पाठीला धरून भार या पायावरून त्या पायावर न्यायचा. साधं दिसतं, पण इथे बहुतेकांची चोरी पकडली जाते. डोळ्यांना वाटतं भार अर्धा-अर्धा आहे, आणि दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवला की दुखऱ्या बाजूला कमी भरतो. घरी काटे असतील तर हा प्रयोग नक्की करा.

मग टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एका पायावर. रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं. घोटा बहुधा आत मुरगळतो, त्याला वेळेवर ओढून धरणारे स्नायू पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आहेत, ते या व्यायामाने बळकट होतात.

आणि मग मुख्य काम, एका पायावर उभं राहणं. गुडघा अगदी किंचित वाकलेला, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आत पडू द्यायचा नाही. ३० सेकंद, तीनदा. हे आरामात जमलं की पाऊल हलतं राहील इतपत अवघड करायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उचललेला पाय पुढे-मागे झुलवा. चेंडू भिंतीवर टाकून झेला. डोळे मिटा. जाड उशीवर उभे राहा. डोळे मिटणं आणि उशी दोन्ही एकदम नको; उशी तळव्याची माहिती पुसट करते, पापण्या डोळ्यांची, मग उरतो फक्त कान. तो प्रसंग शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

माझा आवडता व्यायाम म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटाने जमिनीवर दूर टोक गाठणं: समोर, तिरकं मागे बाहेर, तिरकं मागे आत. बोट नुसतं टेकवायचं, भार द्यायचा नाही. प्रत्येक दिशेचं अंतर खडूने मांडून ठेवा. समोरच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर मी खेळाडूला मैदानावर जायला थांबवते.

उड्या सर्वांत शेवटी. जागेवर, मग पुढे, मग आडव्या. पाऊल टेकल्यावर दोन सेकंद पुतळ्यासारखं थांबता आलं तरच पुढची उडी.

हे सगळं घरच्या घरी करून खरंच फरक पडतो का, अशी शंका बरेच जण घेतात. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांनंतर निम्म्यांना ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा, कोणाच्या देखरेखीशिवाय घरी तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात पुन्हा मुरगळल्याचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत २२ टक्के, न करणाऱ्यांत ३३ टक्के निघालं. लागलेलं सामान फार नव्हतं, पण ८ आठवडे नेम सोडला नाही तरच हा फायदा.

दुखण्याचा हिशेब असा ठेवा: शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंत दुखलं तर चालेल. सूज वाढली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जास्त अवघडला, तर कालचं जास्त झालं. एक पायरी खाली या, पूर्ण बंद करू नका.

पायरी ५: कान दुखावला असेल तर

तळहात डोळ्यांसमोर धरा. डोकं स्थिर ठेवून हात भराभर डावी-उजवीकडे हलवा. तळव्यावरच्या रेषा पुसट होतात. आता हात स्थिर ठेवून डोकं तितक्याच वेगाने हलवा. रेषा स्पष्ट दिसतात. डोकं जितकं उजवीकडे जातं तितके डोळे डावीकडे जातात, आणि हा हुकूम आतल्या कानाकडून येतो. कान अधू झाला की डोळे मागे पडतात, दुकानावरची पाटी चालताना थरथरते. व्यायाम याच दुव्याचा.

कागदावर एक अक्षर ठळक काढा, 'क' म्हणा. डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर चिकटवा. खुर्चीत बसा. नजर अक्षरावर खिळवून डोकं 'नाही' म्हटल्यासारखं हलवा, बाजूला थोडंसंच. अक्षर स्पष्ट राहील तोवर वेग वाढवत न्या, कडा फुटायला लागल्या की जरा कमी करा. मिनिटभर. थांबा. मग 'हो' म्हटल्यासारखं वर-खाली, मिनिटभर. वेग नेमका त्या काठावर हवा, कारण अक्षर जरासं निसटतं तेव्हाच मेंदूला चूक कळते. फार सावकाश हलवलं तर काहीच शिकवलं जात नाही, आणि घाबरलेली माणसं अगदी हेच करतात.

किती करायचं? कानाचं काम कमी झालेल्यांसाठी अमेरिकेतल्या मज्जासंस्थेच्या फिजिओथेरपी अकादमीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आजार ताजा असेल तर दिवसातून किमान तीनदा मिळून १२ मिनिटं सांगतात. आजार जुना असेल तर तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटं, चार ते सहा आठवडे. डोकं स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवणं हा याला पर्याय नाही, हेही त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. मोबाइलवर पाहून डोळ्यांचे व्यायाम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बसून जमलं की उभ्याने, मग पाय जुळवून, मग अक्षरामागे चौकटी-चौकटींचा कागद लावून, शेवटी चालताना.

व्यायामाने चक्कर वाढते, वाढायलाच हवी. शून्य ते दहाच्या मापावर दोन-तीन अंकांनी वाढून पंधरा-वीस मिनिटांत ओसरली तर मात्रा बरोबर. दोन तास डोकं जड राहिलं तर मात्रा निम्मी करा. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी चक्करसाठीचे व्यायाम रचले तेही डोक्याला मार लागलेल्या ज्या रुग्णांनी लवकर हालचाल सुरू केली ते लवकर सावरले, असं दिसल्यावरच.

पायरी ६: चालणं

चक्कर येऊन गेलेला माणूस दारातून आत येतानाच ओळखू येतो. मान ताठ, नजर जमिनीवर, वळायचं तर खांदे-कंबर-पाय सगळं एकदम, पाट फिरवावा तसं. बोटांची टोकं भिंतीला शिवत येतात. हे सगळं त्याला सुरक्षित वाटतं, पण मान हललीच नाही तर कान शिकणार कशावर?

लांब, मोकळी वाट घ्या. नजर समोर. तीन पावलं, डोकं उजवीकडे, तीन पावलं, डोकं डावीकडे. रेषा सोडून थोडं वाकडं जाल, जाऊ द्या. मग वर-खाली. मग चालता चालता एकदम थांबून उलटं वळा. मग चालताना १०० मधून तीन-तीन वजा करत जा. रोजच्या जगण्यात तोल सांभाळताना डोकं दुसऱ्याच विचारात असतं, त्याचाही सराव लागतो. भिंतीचा आधार एकदम सोडवत नसेल तर पूर्ण तळहातावरून एका बोटावर या, मग बोट भिंतीपासून इंचभर लांब.

घोटेवाल्यांनी हेच गवतावर, उतारावर, खडीवर करावं. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.

पायरी ७: अडलं तर

पहिल्या दोन आठवड्यांत फार काही दिसत नाही. तिथे बरेच जण सोडतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. चार ते सहा आठवडे नियमित करूनही आकडे हलले नाहीत, नवीन लक्षण आलं, किंवा पडण्याच्या भीतीने घराबाहेर पाऊलच पडत नसेल, तर पुन्हा तपासणी हवी. येताना वही घेऊन या. 'बरं वाटत नाही' यातून फारसं कळत नाही, पण 'डाव्या पायावर डोळे मिटून चार सेकंद, तीन आठवडे तेवढेच' असं लिहिलेलं दिसलं की कान बघायचा, घोट्याची ताकद मोजायची की तळव्याची संवेदना तपासायची, हे आम्हाला लगेच ठरवता येतं.